इंद्रभानच्या पायांचा हेवा

इंद्रभानचा मला हेवा वाटत असे, हे आधीच सांगून टाकतो. त्याच्या पगाराचा नव्हे; वाशीमच्या कचेरीत आम्ही दोघे एकाच बाकावर बसणारे, एकाच दर्जाचे कारकून. त्याच्या संसाराचाही नव्हे, कारण त्याच्या बायकोच्या, गोजराबाईच्या तोंडासमोर इंद्रभानला संसारात काही काम उरत नसे. हेवा होता त्याच्या पायांचा. ते रात्री झोपत आणि माझे झोपत नसत.

आता पायांत हेवा करण्यासारखं काय असतं, असं ज्याला वाटतं तो माणूस पाठ टेकताच घोरत असणार. त्याला हे समजायचं नाही. माझे पाय दिवसभर अगदी सरकारी नोकरासारखे निमूट असत. दिवा मालवून अंथरुणावर पडलो, की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायला लागे. दुखणं नाही, पेटके नाहीत, मुंग्याही नाहीत. नुसतं वाटे, की आत्ता पाय हलवला नाही तर आपण ओरडू. हलवला की क्षणभर बरं वाटे, आणि मग पुन्हा तेच. दवाखान्यात दाखवायला गेलो तर डॉक्टर म्हणाले, जखम कुठे आहे? जखम नाही म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला रस संपला आणि चालत जा रोज, असं सांगून त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं. मी रात्रभर ओसरीत चालतच होतो, हे ऐकून घ्यायला त्यांना सवड नव्हती.

इंद्रभानलाही आधी हीच खोड होती, आणि खरं सांगतो, त्याचा मला फार आधार होता. संध्याकाळी आम्ही देवतळ्याच्या पायऱ्यांवर बसून एकमेकांना आदल्या रात्रीची हकीकत सांगायचो. त्याचा डावा जास्त हलायचा, माझा उजवा. कधी त्याची रात्र माझ्यापेक्षा वाईट गेलेली असली, की मला वरून वाईट वाटायचं आणि आतून घरी जाताना जरा हलकं वाटायचं. माणसाचा स्वभाव आहे, त्याला मी काय करणार.

आणि त्या वर्षी दिवाळीनंतर हा गृहस्थ एक दिवस ताजातवाना चेहरा घेऊन कचेरीत आला, टोपी काढून खुंटीला लावली आणि मला म्हणाला, की आपले पाय आता गप झाले. कसे झाले, ते काही सांगेना. नुसता मिशीत हसला. ते हसणं एकदाचं असतं तर मी सहनही केलं असतं, पण बाक एकच असल्यामुळे ते मला रोज संध्याकाळपर्यंत बघावं लागे.

नेमक्या त्याच सुमारास माझ्या घरात बंड झालं. पंचफुला म्हणजे माझी बायको. आम्हाला मूलबाळ नाही, घरात माणसं दोनच. त्यातल्या एकाला मी झोपेत, म्हणजे झोप येत नसताना, अशी लाथ मारली की ती पलंगावरून खाली. पंचफुला उठली, तिने आपली वळकटी काखेत मारली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून शांतपणे निकाल दिला.

"तुमचे पाय ज्या दिवशी झोपतीन ना, त्या दिवशी मी येईन."

तेव्हापासून ती स्वयंपाकघरात आणि मी खोलीत. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने हे बोलू नये, पण मला करमेना. अंधारात पंचफुला दिवसभराचं सांगायची: विहिरीवर कोण काय म्हणालं, जवस कसा महाग झाला, कोणाच्या सुनेने कोणाच्या तोंडावर दार लावलं. सांगता सांगता वाक्याच्या मध्येच झोपायची. ती अर्धी वाक्यं ऐकायची मला वीस-बावीस वर्षांची सवय. आता भिंतीला कान लावला तर पलीकडून इंद्रभान आणि गोजराबाई यांचं कुजबुजणं ऐकू येई, कारण आमची भिंत एक होती. मध्येच ते दोघे हसत. पाय गप झालेला माणूस बायकोशी बोलतो, हसतो आणि मी भिंतीशी पडलोय, या विचाराने माझे पाय आणखी हलत.

तेव्हा मी ठरवलं, की पाय दुरुस्त करायचे. आणि वाशीमात एखादी गोष्ट ठरवली, की ती आपली राहत नाही. गल्लीतल्या प्रत्येकाजवळ पायांवर उपाय होता आणि प्रत्येक उपाय खाण्याचाच होता. देवळातल्या पुजाऱ्याने भिजवलेले काळे मनुके सांगितले. मनुक्यांनी मला दिवसासुद्धा कचेरीत बसू दिलं नाही. हेडक्लार्क म्हणाले, तरोट्याची भाजी लोखंडी कढईत शिजवून खा, लोखंड पायात उतरतं. मी पंधरवडाभर तरोटा खाल्ला. लोखंड पायात उतरलं की नाही देव जाणे, पण तरोटा ताटात दिसला की मला रडू येऊ लागलं. एकाने तीळ नि गूळ, एकाने शेवग्याचा पाला, एकाने अंबाडीची भाकर. पंचफुला हे सगळं मुकाट्याने करून वाढत होती आणि रात्री मुकाट्याने स्वयंपाकघरात जात होती.

जायफळाचं मात्र सांगितलंच पाहिजे. दुधात जायफळ उगाळून घ्या, मेलेला माणूसही झोपतो, असं कोणीतरी म्हणालं. मी विचार केला, थोड्याने झोप येते तर जास्तीने पायांनाही येईल. रात्री काही झालं नाही. जायफळ चढलं ते दुसऱ्या दिवशी कचेरीत, साहेब समोर बसून मजकूर सांगत असताना. मी झोपलो, पण पाय जागे राहिले आणि टेबलाखाली हलू लागले. बसल्या जागी डोळे मिटलेले आणि पाय झटके देताहेत, हे पाहून चपराशाला वाटलं, बाबूंना फेफरं आलं. त्याने आपली चप्पल काढून माझ्या नाकाला लावली. फेफऱ्यावर हा उपाय आमच्याकडे सगळे करतात, त्यात त्याचा दोष नाही. पण शुद्धीवर येताना साहेबांसमोर नाकाला चप्पल आणि शेजारी इंद्रभान शांत पाय एकावर एक टाकून बसलेला, हे दृश्य मी जन्मात विसरणार नाही.

त्या दिवशी मी इंद्रभानच्या घरी गेलो. निमित्त त्याच्या नातवाला पाहण्याचं होतं. त्याची मुलगी हिरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, बाळाचं बारसंही नुकतंच झालं होतं. गोजराबाई बाळाला तेल लावत होती, हिरी झोपली होती, आणि इंद्रभान कुठे दिसेना. मी सहज देवघराकडे वळलो. तिथे कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून तो उभा, एका हातात पितळी डबा आणि मिशीत लाडवाचा भुगा.

डिंकाचे लाडू. अळीव, खारीक, खोबरं, मेथी, सुंठ, गूळ आणि साजुक तूप घातलेले बाळंतिणीचे लाडू. हा गृहस्थ पोटच्या पोरीच्या खुराकावर डल्ला मारून पाय गप करत होता. त्याने आधी मला बालाजीची शपथ घातली, मग कबुली दिली. एकदा सहज एक खाल्ला, त्या रात्री पाय हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी खाल्ला, पुन्हा हलले नाहीत. मी म्हटलं, मला एक दे. माझ्याकडे पाहून त्याने डबा पाठीमागे नेला.

"मलेच पुरून नाई राह्यले, शालिग्रामजी," तो म्हणाला.

मैत्री म्हणतात ती ही. ज्याच्या बारशाला मी घुगऱ्या वाटायला उभा होतो, त्याच नातवाच्या घरचा एक लाडू मला मिळाला नाही. मी तिथल्या तिथे ठरवलं, की आपले स्वतःचे लाडू करवायचे आणि इंद्रभानपेक्षा जास्त तूप घालून करवायचे.

पंचफुलाला सांगावं, असं एकदा मनात आलं. पण पुरुषमाणूस बाळंतिणीचा खुराक खातोय, ही बातमी विहिरीवर गेली असती तर मला वाशीम सोडून बदली मागावी लागली असती. शिवाय मला तिला चकित करायचं होतं. एका रात्री पाय अगदी शांत ठेवायचे आणि सकाळी सांगायचं, बघ, आण तुझी वळकटी. म्हणून मी गुपचूप रामधनच्या दुकानात गेलो.

आता माझी चूक झाली ती इथे. डिंक एकटा मागितला असता तर चाललं असतं. अळीव एकटे मागितले असते तरी कोणी काही म्हटलं नसतं. पण डिंक, अळीव, खारका, खोबरं, मेथी आणि सुंठ एका दमात मागितल्यावर वऱ्हाडातल्या कुठल्याही दुकानदाराला त्याचा एकच अर्थ कळतो. रामधनने तराजू खाली ठेवला आणि कोण बाळंत झालं, असं विचारलं. मी म्हटलं, कोणी नाही. मग होणार कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाही हो. यावर तो इतका समजुतीने हसला, की मला घाम फुटला. आमच्याकडे अशी बातमी सुरुवातीच्या महिन्यांत तोंडाने सांगत नाहीत, दृष्ट लागते. त्यामुळे माणूस जितकं जोरात नाही म्हणेल, तितकं ऐकणारा मनात हो धरतो. रामधनने वरून पुडीभर बाळंतशेपा माझ्या पिशवीत टाकल्या आणि देव करो सगळं नीट होवो, असं म्हणून आभाळाकडे हात जोडले.

लाडू करायला मी सामान सोनीबाईकडे दिलं. सोनीबाई म्हणजे आमच्या गल्लीतली दाई. पोरं तिच्याच हातावर जन्मायची आणि बाळंतिणीचे लाडूही तिच्याच घरी व्हायचे. तिने पिशवीत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पदर डोळ्यांना लावला. मी म्हटलं, सोनीबाई, तसं काही नाही. ती म्हणाली, नाही कसं, नाहीच म्हणायचं असतं, पण बाबू, अळीव आत्ताच कायले, ते गरम असतात, बाळंत झाल्यावर द्यायचे असतात. मी म्हटलं, तुम्ही वळा तर. तेव्हा ती बाहेर कोणालातरी म्हणाली ते माझ्या कानावर आलं: इतक्या वर्षांनी होऊन राह्यलं, उतावीळ झाला बिचारा.

लाडू आले. मी ते खोलीतल्या लोखंडी पेटीत, कचेरीच्या जुन्या कागदांखाली ठेवले आणि कुलूप लावून किल्ली जानव्याला बांधली. सकाळी एक आणि संध्याकाळी एक, दार लावून खायचो. सोनीबाईच्या हाताला चव मोठी होती, यात शंका नाही. पण काही दिवसांत माझं तोंड उष्णतेने आलं, डोळे जळजळायला लागले आणि पोटात अळिवाने वेगळाच कारभार सुरू केला. पाय मात्र जसे हलायचे तसे हलत राहिले. तोच लाडू इंद्रभानचे पाय गप करतो आणि माझे करत नाही, यावरून मला देवाच्याही न्यायाबद्दल शंका येऊ लागली. तूप कमी पडलं असेल असं वाटून मी दुपारीही एक खाऊ लागलो.

तिकडे गल्लीत काय चाललं होतं, ते मला कळायला वेळ लागला. पंचफुलाला विहिरीवर कोणी घागर उचलू देईना. गोजराबाई चिंचेचं सार वाटीतून आणून देऊ लागली. रस्त्यात भेटलेल्या बायका तिला सावलीतून जा म्हणू लागल्या. पंचफुला मला यातलं काही बोलली नाही, आणि ती काही बोलली नाही म्हणजे तिला काही कळलं नाही, असा मी सोयीस्कर अर्थ घेतला. कचेरीत साहेबांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, जायफळाचं प्रकरण निघणार. पण ते उठून उभे राहिले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, उशिरा का होईना. मी काय म्हणणार? तोंड आलेलं असल्यामुळे मला नीट बोलताही येत नव्हतं, आणि ते भरून आल्यामुळे आहे असा त्यांचा समज झाला.

मग आरोग्य खात्याचा एक चपराशी कागद घेऊन दारात आला. नवीन नर्सबाई नेमली आहे, तिने अशा घरांना भेट द्यायची आहे, घरधन्याने सही करावी. मी म्हटलं, आमच्याकडे तसं काही नाही. चपराशी म्हणाला, मग नाही म्हणून लिहून द्या. मी नाही म्हणून लिहून दिलं. चपराशी म्हणाला, हे असं चालत नाही, नाही असल्याबद्दल दोन शेजाऱ्यांच्या सह्या पाहिजेत. मी इंद्रभानकडे गेलो. त्याने कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि सही करायला साफ नकार दिला. तुमच्या घरातलं मला काय माहीत, म्हणाला, मी सरकारी नोकर आहे, खोट्या कागदावर सही कशी करू? हाच तो माणूस, जो पोरीच्या डब्यातले लाडू चोरत होता. पण मी शपथेत अडकलेला होतो, मला बोलता येईना.

सगळ्यांवर कडी केली ती रामकिसनने. रामकिसन म्हणजे माझा मेहुणा, शेलूबाजारला त्याची शेती. बातमी बाजाराच्या दिवशी कोणाबरोबर तिथपर्यंत गेली, कोण जाणे. रविवारी दुपारी आमच्या दारात बैलांची दमणी येऊन थांबली. दमणीच्या मागे एक दुभती गाय बांधलेली. रामकिसन उतरला तो थेट माझ्या गळ्यात पडला आणि रडायला लागला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, म्हणून बहिणीला न्यायला आलो, असं त्याने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी पंचफुलाला स्वयंपाकघरातून खोलीत आणायला निघालो होतो आणि ती शेलूबाजारला निघाली होती. स्वयंपाकघर निदान हाकेच्या अंतरावर होतं.

एवढ्यात गोजराबाई खण-नारळ घेऊन आली, तिच्यामागे सोनीबाई, तिच्यामागे गल्लीतल्या सगळ्या बायका. अंगणात पाट मांडला. पंचफुलाला त्यावर बसवलं. तिने भावाकडे पाहिलं, गाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. गोजराबाईने ओटी भरायला हातात तांदूळ घेतले.

खोटी ओटी भरू द्यायची, एवढा काही मी वाया गेलेला नव्हतो. मी मध्ये उभा राहिलो आणि सांगून टाकलं, की यात काही खरं नाही, लाडू मी माझ्या पायांसाठी करवले होते. कोणाचा विश्वास बसेना. रामधनपासून सगळ्यांना मी नाहीच म्हणत आलो होतो, तेव्हा हेही त्यातलंच, असं समजून बायका कौतुकाने हसल्या. शेवटी मी पेटी ओढत अंगणात आणली, जानव्याची किल्ली काढून कुलूप उघडलं, कागद बाजूला केले आणि उरलेले लाडू दाखवले. पाय मात्र तसेच हलतात, हेही सांगितलं.

बायका पेटीत डोकावल्या. मग बायकांच्या मागे येऊन उभा राहिलेला इंद्रभान हसला. मोठ्याने, मांडीवर थाप मारून हसला. बाळंतिणीचे लाडू खाऊन राह्यले होते बाबू, असं म्हणत त्याने बायकांकडे पाहिलं, आणि बायकाही हसू लागल्या. शपथ बालाजीची होती हे मला मान्य आहे. पण त्या हसण्यापुढे माझा इलाज चालला नाही. मी गोजराबाईला म्हटलं, वहिनी, हिरीचा डबा इतक्या लवकर कसा रिता झाला, ते जरा तुमच्या मालकाला विचारा. गोजराबाईच्या हातातले तांदूळ हातातच राहिले. तिने इंद्रभानकडे पाहिलं. त्याने टोपी सरळ केली. यानंतर जे झालं ते सगळं भिंतीपलीकडे झालं, पण मला एकूण एक शब्द ऐकू आला आणि त्या एका गोष्टीपुरता मी फार समाधानी झालो.

बायका पांगल्या. सोनीबाई जाताना माझ्याकडे न बघता गेली. रामकिसन ओसरीत डोकं धरून बसला. अंगणात पाटावर पंचफुला तशीच बसली होती, पुढ्यात पेटी उघडी. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, की तुला ही बातमी कळली नव्हती ते बरंच झालं.

"मले पयल्याच दिवशी समजलं होतं," पंचफुला म्हणाली.

मी विचारलं, कसं? ती म्हणाली, की सोनीबाई गल्लीत कोणाचेही लाडू करायची असली, की खारका कुटायला मलाच बोलावते. हिरीच्या वेळी बोलावलं, त्याआधी सगळ्यांच्या वेळी बोलावलं. खारका फोडायच्या, डिंक तळायचा, खोबरं किसायचं. वळायच्या वेळी मात्र म्हणते, जा आता पंचफुला, घरी काम असेल तुले. लाडवाला माझा हात लावू देत नाहीत. या खेपेला तिच्या घरातून तुपाचा वास आला आणि मला बोलावणं आलं नाही, तेव्हाच मी ओळखलं, की हे लाडू आपल्याच घरचे आहेत.

ती अगदी हळू बोलत होती आणि मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो.

"मले माहीत होतं माह्या पोटात काई नाई," ती म्हणाली. "मले वाटलं, तुमी माह्यासाठी करवले असतीन. गल्लीतल्या साऱ्या बायांचा मले हेवा वाटे. हिरीचा वाटे, गोजरीचा वाटे. कोन्या बाईच्या मांडीवर लेकरू हाय त्याचा नाई म्हनत मी, त्याले इलाज नाई. लाडवाचा म्हनून राह्यले. बाईले कोनं तरी खास तिच्यासाठी लाडू करते, त्याचा. म्या रोज वाट पाह्यली, आज देतीन, उद्या देतीन. तुमी दार लावून एकटेच खाऊन राह्यले."

इतके दिवस मी भिंतीला कान लावून इंद्रभानचा हेवा करत होतो आणि माझ्याच घरात, भिंतीच्या अलीकडे, माझ्यापेक्षा जुना आणि माझ्यापेक्षा खरा हेवा खारका कुटत बसला होता. मला हे कधी दिसलं नाही. मी पेटीतले लाडू काढून ताटात ठेवले आणि ताट तिच्यासमोर सरकवलं. ती म्हणाली, राहू द्या, तुमच्या पायांसाठी आहेत. मी म्हटलं, पायांना नाही लागत ते. हे मी खरंच बोललो होतो, पण तिला ते समजूत काढल्यासारखं वाटलं असावं, कारण ती जरा हसली.

मग तिने एक लाडू उचलला. आधी वास घेतला. मग डोळे मिटून, अगदी सावकाश खाल्ला. भाऊ ओसरीतून पाहत होता, गाय पाहत होती, मी पाहत होतो. तिला आमच्यापैकी कोणाशी काही देणंघेणं नव्हतं. एक संपल्यावर तिने दुसरा घेतला. त्या वेळी मला त्या लाडवाचा हेवा वाटला, हे आता लपवण्यात अर्थ नाही. रामकिसनने एक मागितला तर तिने ताट पदराखाली ओढून घेतलं आणि त्याला भाकरीचं विचारलं.

रामकिसन रात्री ओसरीत झोपला. बैलांना विसावा हवा होता. गाडी आलीच आहे तर बाईने चार दिवस माहेरी चलावं, असं त्याने जेवताना दोनदा म्हटलं. पंचफुला हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. गल्लीत आता तिच्यावर सगळ्या हसणार, तेव्हा ती गेली तर तिची चूक नव्हती. माझा घास घशाखाली उतरेना. तोंड आलेलं होतं, तेही एक कारण होतं.

सकाळी रामकिसनने बैल जुंपले, गाय मागे बांधली आणि बहिणीला हाक मारली. मी ओसरीच्या खांबाला टेकून उभा होतो, जाणाऱ्याला अडवायचं नसतं अशा चेहऱ्याने. पंचफुला चहाची पितळी घेऊन बाहेर आली. अंगावर रोजचंच लुगडं होतं.

"तू जाय रामकिसन," ती म्हणाली. "मले नाई जमत यावाले. ह्यायच्या पायांनी रातभर डोया लागू नाई दिला. कंबरेत अशी लाथ बसली पहाटे, अजून दुखून राह्यली."

रामकिसनने रागाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, पण पाय झोपले नसतानाही वळकटी रात्री खोलीत आली होती, याचा मला आतून इतका आनंद झाला, की तो चेहऱ्यावर येऊ नये म्हणून मी तिच्या हातातली चहाची पितळी तोंडाला लावली. चहा कढत होता, तोंड आलेलं होतं, डोळ्यांत पाणी आलं. मेहुण्याला वाटलं, मला पश्चात्ताप होतोय.